आवश्यक तेवढे बळ

माणसाला आपोआप अटक होत नाही, ही मानवजातीची फार जुनी अडचण आहे. ती कोणालातरी करावी लागते आणि करणाऱ्याला हात हलवावा लागतो. हात हलवला की तो कुठेतरी जाऊन लागतोच, कारण हवेत नुसते हात हलवण्यासाठी सरकारने वेगळे खाते ठेवलेले नाही. (ठेवले असल्यास आमच्या तालुक्यात त्याचे कार्यालय नाही.) एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही, म्हणून हल्ली पोलिसांनी अटकेच्या वेळी किती बळ वापरावे यावर जागोजागी चर्चा होतात. आमच्या गावातही झाली. ती किती सुरळीत पार पडली हे इतरांना कळावे म्हणून हे लिहितो आहे.

गाव नंदुरबार जिल्ह्यातले. तापीच्या अलीकडचे की पलीकडचे हे सांगत नाही; नाव सांगितले की बाकीच्या गावांना उगाच सुटल्यासारखे वाटते. आमच्या ठाण्याला जोडून एक शांतता समिती आहे आणि मी तिचा चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक. सणवार जवळ आले की आम्ही ठाण्याच्या आवारात खुर्च्यांवर बसतो, साहेब बोलतात, आम्ही शांतता राखतो, मग चहा येतो. इतक्या वर्षांत समितीच्या सदस्यांकडून शांततेचा भंग झाल्याचे एकही उदाहरण नाही.

प्रकरण मुनव्वर टेलरचे. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, एसटी स्थानकात त्याला अटक झाली. हवालदाराने "हात वर कर" म्हटले तेव्हा मुनव्वरच्या दोन्ही हातांत शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा होता आणि पायाखाली रसवंतीचे पाणी सांडलेले होते. शहाण्या माणसाने गठ्ठा तिथेच टाकला असता. मुनव्वरने इकडेतिकडे पाहिले, बाकावर कोरडी जागा शोधली, गठ्ठा तिथे नीट ठेवला आणि मग हात वर केले. या मधल्या वेळाला सरकारी भाषेत अटकेस विरोध असे म्हणतात. मग हवालदाराने आवश्यक तेवढे बळ वापरले. ते पहिल्या काठीत पुरले नाही, पुढच्या पाचसहांमध्येही पुरले नाही. तेवढ्यात मुनव्वर खाली बसला, आणि बसलेल्या माणसाला उभे करायचे तर आणखी थोडे लागतेच.

इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. हवालदाराची ती खाकी वर्दी मुनव्वरनेच शिवलेली होती. बाही खांद्यात इतकी बरोबर बसली होती की हात पूर्ण वर जाऊनही कुठे ओढ पडली नाही, शिवण उसवली नाही. कारागिराला आपल्या कामाची इतक्या जवळून खात्री करून घ्यायची संधी सहसा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मुनव्वरला चौकशी करून सोडण्यात आले. उजवे मनगट मोडले होते आणि अंगठ्याचे हाड चुरले होते. प्लास्टर निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हात आता बरा आहे, फक्त त्याने कात्री धरता येणार नाही. शाळा उघडायला आल्या होत्या. गठ्ठ्यातले गणवेश मात्र कोरडे राहिले, ही समाधानाची बाब.

अटकेच्या वेळी स्थानकात निम्मे गाव होते. तळोद्याची गाडी लागलेली, शहाद्याची यायची, बाजार भरलेला. सुरुवातीला बऱ्याच जणांनी मोबाईल वर धरले होते. मग हवालदाराने मान वळवून एकदा सगळ्यांकडे पाहिले आणि सगळ्यांच्या मोबाईलमधले सगळे आपोआप पुसले गेले. तंत्रज्ञान इतके पुढे गेले आहे याची मला कल्पना नव्हती. मी स्वतः तिथेच होतो, पण माझे तोंड प्रकाशा गावाला जाणाऱ्या गाडीच्या पाटीकडे होते. पाटी बरीच मोठी आहे, वाचायला वेळ लागतो.

आता मुनव्वरची बायको हाजराबी. ही बाई काजे करते, बटणे लावते, हूक शिवते. तिने हे सगळे नेटाने करत राहावे, गावाची काही हरकत नव्हती. पण ती ठाण्यात गेली. तिथल्या कागदावर लिहिले होते की, अटकेदरम्यान पाय घसरून पडल्याने दुखापत. साहेब सज्जन आहेत. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, "पाहणारा एक माणूस आणा, मी स्वतः त्याचा जबाब घेतो. कोणीच नसेल तर हे असेच राहील आणि फाईल बंद होईल."

फक्त एक. मग हाजराबी घरोघरी निघाली. कोणी तिला दारातून परत पाठवले नाही, हे गावाच्या संस्कृतीला शोभेसेच झाले. सर्वांनी पाणी दिले, बसवले, हळहळ व्यक्त केली आणि विचार करून सांगतो म्हटले. पुढे विचार करणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की एकट्यादुकट्याने काही बोलण्यापेक्षा सर्वांनी मिळून जाहीर चर्चा करावी असे ठरले. विषय: अटकेच्या वेळी किती बळ योग्य? समितीचे अध्यक्ष हेमराजशेठ यांनी पुढाकार घेतला. साहेबांनी परवानगी तर दिलीच, वर जाहीर केले की या सभेत कोणी पाहणारा उभा राहिला तर जागेवर जबाब घेऊ.

समाजमंदिरात लग्न होते. म्हणून सभा मार्केट यार्डात, मिरची लिलावाच्या शेडमध्ये घ्यावी लागली. पुढे जे घडले त्याचा दोष कोणाचा असेल तर तो जागेचा आहे.

कारण हेमराजशेठ मिरचीचे आडते आहेत. हंगामात ते ज्या ओट्यावर उभे राहून लिलाव पुकारतात त्याच ओट्यावर ते उभे राहिले. समोर व्यापारी नेहमीच्या जागी बसले, त्यांच्या मागे शेतकरी नेहमीच्या जागी बसले. साहेब पुढच्या खुर्चीत. तोच हवालदार दाराशी, काठी टेकून बंदोबस्ताला. जमिनीत मिरचीचा खकाणा मुरलेला होता, त्यामुळे अधूनमधून ठसका लागत होता. एका कडेला मुनव्वर, उजवा हात मांडीवर ठेवून. हाजराबी त्याच्या शेजारी उभी होती. तिला बसायला सांगितले तरी बसली नाही.

सभा सुरू होण्याआधीच ती बोलली. "भाऊ, मन्हा मानूस पडना नई. त्याले पाडं. तुम्हीन सम्दा तठेच व्हतात. कोनी बी येक जन सांगा, बस."

सभागृहात अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. (इतिवृत्तात मी 'मिरचीमुळे' असे नमूद केले आहे.) मला मात्र तिचा रागच आला. विषयपत्रिकेत आधी स्वागत होते, मग प्रास्ताविक, मग मुख्य विषय. साक्षीदार असा विषयच नव्हता.

चेतनाताई वकील आहेत, नव्या आहेत, म्हणून पहिल्यांदा त्यांना बोलू दिले. त्या म्हणाल्या, कायद्यात स्पष्ट आहे. माणूस पळून जाऊ नये एवढाच जोर लावता येतो. मुनव्वर पळत नव्हता, त्याचे हात वर होते. म्हणजे इथे योग्य बळ शून्य.

हेमराजशेठनी मान हलवली. "ताई, बोली शून्यवरतून चालू व्हत नई."

एवढे बोलून त्यांनी सवयीने हात वर केला, शेडभर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारले, "बोला, किती?"

त्या शेडमध्ये, त्या ओट्यावरून, त्या आवाजात आजवर एकाच कामासाठी 'किती' विचारले गेले आहे. पहिल्या रांगेतून लगेच आवाज आला, "दोन." हे नवनीत सर, महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी पुढे असेही सांगितले की मानवी हक्कांचा विचार करता दोन काठ्या पुरेत, त्याही कमरेखाली. लोकांना ते फार पुरोगामी वाटले. मागून कोणीतरी तीन म्हणाले. मग मोठे बागायतदार दोधूआप्पा म्हणाले, "मोटारसायकल चोरी व्हई ते पाच तरी पाहिजेत." गुजरातेत दारूची खेप नेली असेल तर सहा, असे दुसरे म्हणाले. पोलिसाला उलट बोलला असेल तर सहात कसे भागेल, असे तिसरे. मुनव्वरने यातले काही केले होते असे कोणीही म्हणत नव्हते. प्रत्येकजण फक्त तत्त्व म्हणून बोलत होता.

बोली चढू लागली की तिला एक वेग येतो. पाच म्हणणाऱ्याला सहा म्हणणाऱ्यासमोर आपण मिळमिळीत आहोत असे वाटायला लागते. आठ, नऊ, दहा. बाया मागे हटल्या नाहीत. माझ्या पाहणीनुसार शेडमधल्या शंभरातल्या नव्वद जणांनी बोली लावली आणि उरलेल्या दहांना ठसका लागला होता. साहेब चहा पीत ऐकत होते. लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी दृढ झाला असावा. बारावर बोली थांबली.

शेतकरी माणूस चढा भाव ऐकला की सावध होतो. दोधूआप्पांना बारा पटले नाहीत. ते उठून म्हणाले, "बारा कसाले? सातमाच तो खाले बसी गया व्हता."

शेडमधला ठसकासुद्धा थांबला.

हाजराबी वळली. ती ओरडली नाही, हे मला आजही विचित्र वाटते. "आप्पा," ती म्हणाली, "सात कोनी मोज्यात?"

आप्पांनी टोपी काढली आणि परत घातली. त्यांच्या अंगातला सदरा मुनव्वरचाच होता; गावात कोणाचा नाही? साहेबांनी कप खाली ठेवला, खिशातून पेन काढले आणि टोपण उघडले. ते खरोखरच शब्दाचे पक्के आहेत. दारातल्या हवालदारानेही आप्पांकडे पाहिले, पण अगदी सहज, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे.

"लोके म्हनतस," आप्पा म्हणाले. "मी कोठे व्हतू तठे?" आणि मग त्यांना एकदम आधार सापडला. "पन तुन्हा मानुसनी काय करं व्हतं, ते सांग ना आधी!"

या एका प्रश्नाने सभा सावरली. इतका वेळ हा प्रश्न कोणाला सुचला कसा नाही, याचे सर्वांनाच नवल वाटले. मागून, पुढून, कडेने, सगळीकडून तोच आवाज येऊ लागला. त्यानं काय करं व्हतं? ते आधी सांगा! नवनीत सरांनीही तो प्रमाण मराठीत विचारला. लोकांचे चेहरे मोकळे झाले. एखाद्या चांगल्या प्रश्नाची हीच ताकद असते की तो विचारला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही.

"ते सांगं म्हंजे तुम्हले दिसाले लागी का?" हाजराबीने विचारले.

यावर चर्चा झाली नाही. हेमराजशेठनी अनुभवाने ओळखले की माल फार वेळ उघडा ठेवू नये. "बारा येक वार. बारा दोन वार. बारा तीन वार." हात खाली आपटला आणि पुढचे वाक्यही सवयीनेच त्यांच्या तोंडून गेले. "कोनाना नावे लिखू?"

बोली लावणारा आपले नाव सांगतो, तेव्हाच सौदा पुरा होतो. आमच्या यार्डात नाव सांगायला कधी कोणी लाजलेले नाही. माणसे नाव ओरडून सांगतात. त्या दिवशी मात्र बारा कोण म्हणाले होते हे बारा म्हणणाऱ्यालाही आठवेना. शेठनी दोनदा विचारले. लोक छताकडे पाहत होते. मीही पाहिले. पत्रे दुरुस्तीला आले आहेत.

"मन्हा नावे लिखा, शेठ," हाजराबी म्हणाली. "माल मन्हा घर आयेलच शे."

मी लिहिले नाही. ते विषयाला धरून नव्हते.

शेवटी रीतसर ठराव मांडण्यात आला. आवश्यक तेवढे बळ म्हणजे बारा काठ्या, परिस्थितीनुसार वाढवण्याचे अधिकार ठाण्यास. प्रत्यक्षात सातच लागल्या असे लोक म्हणत असल्याने उरलेल्या पाच वाचवल्याबद्दल हवालदाराचे अभिनंदन. आणि सभेत पाहणारा कोणी न आढळल्याने पाय घसरल्याची नोंद कायम. हेमराजशेठ म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सर्वांत आधी मुनव्वरचा हात वर गेला. ठराव काय आहे हे त्याने ऐकलेसुद्धा नसावे. 'हात वर' एवढे कानावर पडले आणि त्याचे दोन्ही हात वर गेले, उजवा जरा वाकडा, अंगठा एका बाजूला लोंबता. या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिले नाही, कोरडी जागा शोधली नाही. बळाचा उपयोग होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हाजराबीने त्याचे हात धरून हळूच खाली आणले, पण तोवर मी मोजणी पूर्ण केली होती. ठराव एकमताने मंजूर झाला. मग चहा आला.

फाईल त्याच आठवड्यात बंद झाली. मुनव्वरच्या दुकानात आता हाजराबी बसते. ती कापडाला कात्री लावते तेव्हा तो तिच्या शेजारी बसून डाव्या हाताने कापड धरून ठेवतो. गणवेश यंदा उशिरा मिळाले, अशी पालकांची तक्रार समितीकडे आली असून ती विचाराधीन आहे.

एक गोष्ट राहिली. मुनव्वरला अटक कशासाठी झाली होती, हे मी कुठेही लिहिलेले नाही. ते मला ठाऊक आहे, आणि जागाही भरपूर होती. पण मघापासून तुम्ही वाचताना तेच शोधत आहात, हे मला इथे बसून कळते आहे. त्याने केले काय होते, ते एकदा कळले की तुम्हालाही तुमचा आकडा ठरवता येईल. बोलीच्या कागदावर शेवटी एक ओळ मी मोकळी ठेवली आहे. आकडा कळवा. आणि नावही सांगा, म्हणजे लिहून घेतो.