कॅसेटची कोरी बाजू

कॅसेट पाठवायचं काम जगदीश गवईंनी आपण होऊन अंगावर घेतलं, तिथेच सगळं चुकलं. जागृती स्वतःच कुरियरला द्यायला निघाली होती. पण लेकीच्या एवढ्या मोठ्या कामाला बापाचा हात लागू नये, हे त्यांना पटेना. (आणि न पटलेली गोष्ट मनात घेऊन एका जागी बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.)

काम तसं मोठंच होतं. साल चौऱ्याण्णव. जागृती नुकतीच बारावी झाली होती. गवई नोकरीसाठी बहरीनला होते. तिथल्या शाळेत तिने हट्टाने फ्रेंच घेतलं होतं आणि आता तिला वर्षभर फ्रान्सच्या एका विद्यापीठात भाषा शिकायला जायचं होतं. विद्यापीठाने मागितलं होतं इतकंच : एक अर्ज आणि तिच्या आवाजात फ्रेंच बोललेली एक कॅसेट. प्रवेश मिळाला तर ऑक्टोबरात फ्रान्स. नाही मिळाला तर अमरावतीला काकांकडे राहून बी. कॉम. जागृतीला काका आवडत, बी. कॉम. मुळीच नाही.

गुरुवारी दुपारी जगदीशराव हिद्द या गावातल्या ऑफिसातून (तिथे ते एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते) घरी आले. जागृती मैत्रिणीकडे गेली होती. पाकीट बंद करण्याआधी एकदा ऐकून घ्यावं, म्हणून त्यांनी कॅसेट टेपरेकॉर्डरात घातली. पोरगी दहा मिनिटं झकास बोलली. पुढे नुसती खरखर. बाजू उलटली, तर तिकडेही आरंभापासून शेवटपर्यंत खरखर.

त्यांनी टेप पुढे-मागे फिरवून पाहिली. खरखरच.

गुदैबिया वस्तीतल्या त्यांच्या बिल्डिंगीत गावी कॅसेट पाठवायची एक रीत होती. कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्याबरोबर सगळ्यांच्या कॅसेटी जात. तिकडे घरचे, शेजारचे, सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसत आणि टेप संपेपर्यंत कोणी उठत नसे. एकदा गवईंच्या कॅसेटवर पाच मिनिटं कोरी राहिली, तर त्यांच्या आईने गावाहून तीन माणसांकरवी निरोप धाडला होता : "काय लपवून राह्यले? कोन बिमार हाय?"

इथे तर तब्बल पन्नास मिनिटं कोरी! प्रोफेसर काय म्हणतील? या मुलीला आगापिछा काही आहे की नाही?

"प्रभा, इकडं ये. आन् रावजीले हाक मार."

"अवो, पन त्याईले आपलं बोलनं समजन का?" प्रभावतीबाईंनी हात पुसत विचारलं.

"बोलनं नाई समजलं तरी भावना समजते."

रावजी समोरच्या खोलीत राहणारा मालवणकडचा ड्रायव्हर. कॅसेटवर बोलायला त्याला कधी आग्रह करावा लागला नव्हता. "नमस्कार सायबानू! आमचा चेडू लय हुशार आसा, तिका नीट सांभाळा. हयसर उकाडो भयंकर. तुमच्याकडे पाऊस लागलो काय?" असं सुरू करून त्याने फ्रान्समधल्या मासळीची सविस्तर चौकशी केली. प्रभावतीबाईंनी आधी आढेवेढे घेतले, मग थांबेनात. "पोरगी गुनाची हाय, पन सकाळी एका हाकेत उठत नाई. दोनदा हाक मारत जा. तिले थंडी सोसत नाई, काही उबदार द्या पांघरायले." मागे कुकरने तीन शिट्ट्या दिल्या, त्याही कॅसेटवर गेल्या.

शेवटी जगदीशरावांनी घसा साफ केला. जागृतीचं फ्रेंचचं पुस्तक समोर धरलं आणि पहिला धडा चांगला खणखणीत वाचला. चार वर्षं भिंतीपलीकडून फ्रेंच ऐकलं होतं, ते काही वाया गेलं नव्हतं. उरलेल्या टेपवर गाणी भरली आणि संध्याकाळच्या आत पाकीट कुरियरला देऊन आले.

जागृती घरी आल्यावर त्यांनी ही हकीकत तिला मोठ्या कौतुकाने सांगितली.

"बाबा, यू डिड व्हॉट?"

"पूर्न भरून पाठवली. एक मिनिटबी कोरा नाई."

"इट वॉज अ टेस्ट, बाबा! दे विल थिंक वी आर मॅड!" ती बाथरूममध्ये शिरली आणि कडी लावून घेतली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. रडणं ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायची युक्ती तिने आईकडून उचलली होती.

जगदीशराव चपला अडकवून धावत कुरियरच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खलास. फ्लाइट गया."

पुढचे पाच आठवडे त्यांना चैन कसलं ते पडलं नाही. आपल्या हाताने आपण पोरीचं वाटोळं केलं, हे मनातून जाईना. घरचं टपालही ऑफिसच्याच पत्त्यावर, सकाळी एकदाच येई, पण ते चार वेळा जाऊन विचारत. एका नकाशात त्यांनी बंगल्याला जिना काढला आणि वरचा मजला विसरले. घरी या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या सुरू. शेवटी प्रभावतीबाई म्हणाल्या, "बाहेर तरी जा!" म्हणून ते रावजीच्या गाडीत बसले, आणि तो हमद टाउनात सामान उतरवीत असताना गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. जागृती त्यांच्याशी फक्त "येस" आणि "नो" बोलत असे. त्यातही "नो" जास्त.

अखेर पत्र आलं. फोडायचा त्यांना धीर झाला नाही. टॅक्सी करून ते भरदुपारी घरी आले. जागृतीने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"सांग न वं माय!"

"आय गॉट इट, बाबा." आणि पाच आठवड्यांचा राग विसरून तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. जगदीशरावांना हुंदकाच फुटला. प्रभावतीबाई पदराने डोळे पुसू लागल्या.

"अजून लिहिलंय," जागृती हसू आवरत एकेक ओळ सांगू लागली. "त्यांच्याकडे पुण्याचा एक स्टुडंट आहे. त्याने साइड बी ट्रान्सलेट करून दिली. आईला थँक्स, माझ्या रूमला चांगला हीटर आहे. रावजीकाकांना थँक्स, पाऊस खूप आहे."

जगदीशरावांची छाती फुगली. "आन् मी?"

जागृतीने पत्र पुन्हा पाहिलं.

"शेवटच्या सद्‌गृहस्थांची भाषा मात्र त्या स्टुडंटलाही कळली नाही. प्रोफेसर म्हणतात, तुमच्याकडे ती भाषा किती लोक बोलतात, ते कळवा."