काकूंचा उभा मका

दिवाळी पाडवा, दुपारचे साडेतीन. छापील रक्कम तीन हजार नऊशे नव्व्याण्णव. हजर माणसं तीन: मी, आमच्या शेजारचे संपतआबा आणि त्यांच्या मंडळी कौसल्याकाकू. जागा, बारामतीतली आबांची बैठक. आबा टीव्हीसमोर उभे राहून टीव्हीलाच विचारत होते, "शेवटचा भाव बोला."

टीव्ही बोलेना.

संपतआबांनी आयुष्यात छापील किमतीला काही घेतलेलं नाही. "छापील किंमत म्हंजी स्थळाच्या कागदावरचं वय. त्यावर कोन इस्वास ठिवतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते दोनदा पाठ फिरवून चालू लागतात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इथं घासाघीस चालत नाही. आबा "बरं" म्हणाले आणि येताना खोकल्याची एक बाटली फुकट घेऊन आले. इंदापूरच्या एसटीत सरकारनं म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट केलं, तेव्हा मात्र ते नाराज झाले. "न मागता दिलं. मजाच गेली."

काकूंना दमा. धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून निरवांगीचं रान पुतण्याला वाट्यानं देऊन दोघं आमच्या इमारतीत राहायला आले. चाळीस वर्षं रान सांभाळलेली बाई तिसऱ्या मजल्यावर येऊन कुंडीतली तुळस उकरत बसायची. मुलगा परदेशी जाताना टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल ठेवून गेला. त्यात शेतीचा एक खेळ कंपनीनं चाखायला म्हणून थोडा वेळ फुकट दिला होता. काकूंनी त्यात नांगरट केली, मका पेरला, मका तरारून आला, आणि नेमकी काढणीच्या तोंडावर फुकटची वेळ संपली. पडद्यावर खेळाची किंमत आली. मका तसाच उभा.

"काकू, तो खोटा मका आहे," मी समजावलं.

"खोटा आसंल, भाऊसाहेब. पेरला तर म्या ना? उभं पीक टाकून घास कसा उतरावा?"

आणि खरोखरच त्यांचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी आबांनी जाहीर केलं, यंदा पाडव्याची ओवाळणी म्हणून हाच खेळ.

दुकानानं, म्हणजे टीव्हीतल्या दुकानानं, दिवाळीची सूट लावली होती. किंमत दोन हजार तीनशे नव्व्याण्णववर आली होती, पण फक्त संध्याकाळी पाचपर्यंत. मला वाटलं, काम झालं. आबा म्हणाले, "ही त्येंनी दिल्याली सूट. आपुन काय मिळिवलं?"

तेव्हा मी त्यांना व्हाउचरचं सांगितलं. त्या दुकानात आधी पैसे भरून खातं तयार करता येतं. त्यासाठी व्हाउचर मिळतात, आणि ते दुसरीकडे घेतले तर दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त पडतात.

"म्हंजी हजाराचा माल नऊशे ईसला?"

"आज तरी तसंच आहे."

आबा सोफ्यावर टेकले. "आन् लोकं घरात गप झोपत्यात?"

हजाराचे दोन व्हाउचर मोबाइलवर घेतले: अठराशे चाळीस रुपये. कोड लगेच आले, खात्यात भरले. राहिले तीनशे नव्व्याण्णव. तिथं पुढचा व्हाउचर पाचशेचा होता. मी म्हणालो, घेऊन टाकू.

"आन् वरचं एकशे एक त्येंच्या देवाला ठिवायचं व्हय?"

मग दुसरं ॲप शोधलं. तिथं हवी ती रक्कम मिळत होती आणि पहिल्या खरेदीला पन्नास रुपये सूट. तीनशे एकोणपन्नास भरले. पैसे गेले, कोड आला नाही. निरोप आला: चोवीस तासांच्या आत मिळेल. घड्याळात चार वीस झाले होते.

काकू ओवाळणीचं ताट घेऊन दारात आल्या. "मिळालं का वं?"

"येतंय गं."

"एकशे एका रुपड्यापायी माझा मका घालिवताय बगा."

"येतंय म्हनलं न्हवं?"

"तुमचं 'येतंय' मी चाळीस वर्सं ऐकतीय."

पावणेपाचला आबांनी मला खुणेनं गॅलरीत बोलावलं. बंडीच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. टीव्हीतल्या त्याच दुकानाचा, चार हजारांचा व्हाउचर.

"हे कधी घेतलंत?"

"सकाळी. मोबाइलच्या दुकानातनं."

"कितीला?"

आबा खाली रस्त्याकडे बघत राहिले. "चार हजार पन्नास."

"वर पन्नास? आणि तुम्ही दिलेत?"

"दुकान उगडायच्या आदी पायरीवर जाऊन बसलो व्हतो. त्यानं वळाखलं, ह्येला नड हाय." मग हळू आवाजात म्हणाले, "रात्री झोपंत बी कनसं मोजीत व्हती वो. आता भरा ह्ये. आन् तिला सांगू नगा."

मी कार्डावरचा झाकलेला कोड खरवडणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. कोड आला होता.

आबांनी माझ्या हातातलं कार्ड हिसकावून परत बंडीत घातलं. "पुढल्या हंगामाला ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि बैठकीत शिरताना असे ओरडले, जणू कुस्ती मारली. "कारभारनी! मका काडायला घे!"

पाचच्या आत खेळ काकूंचा झाला. त्यांनी पदर खोचला आणि कापणीचं यंत्र चालू केलं. "बांधाकडनं फिरव!" आबा ओरडले. "मला शिकवू नगा. आन् म्होरनं सरका, वळायला जागा द्या," काकू म्हणाल्या. टीव्हीसमोर उभे असलेले आबा खरंच चार पावलं मागं सरले. शेवटची ओळ निघाली, ट्रॉली शिगोशीग भरली, आणि काकूंनी पहिल्यांदा बशीतला चिवडा तोंडात टाकला.

मग त्यांनी आबांना ओवाळलं आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, वाचलं किती?"

आबा माझ्याकडे बघत होते.

"छापील किमतीवर अठराशे दहा," मी म्हणालो. आकडा खोटा नव्हता.

"आमचं मानूस छापील भावाला भुलायचं न्हाय," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी प्रत्यक्षात दिलेले पैसे असे: पहिल्या ॲपला अठराशे चाळीस, दुसऱ्याला तीनशे एकोणपन्नास, आणि मोबाइलच्या दुकानदाराला, घासाघीस न करता, रोख चार हजार पन्नास.