नानांचं रुसणं

निवडणूक जाहीर झाली की आमचे शेजारी नाना रस्त्याकडे पाठ करून ओट्यावर बसायचे. तोंड भिंतीकडे. आमच्या देवपुरात नवीन आलेल्या भाडेकरूंना वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. झालेलं काही नसायचं. नाना रुसलेले असायचे.

रुसायचे ते बापूसाहेबांवर. बापूसाहेब म्हणजे आमचे नेते, आधी आमदार, मग खासदार. नाना त्यांचे अगदी पहिल्यापासूनचे कार्यकर्ते, आणि दर निवडणुकीला त्यांचं पालुपद एकच. "यंदा पाडसू त्याले!" यंदा पाडतोच त्याला! बोलताना मान थरथरायची, टोपी तिरकी व्हायची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला ते सगळं खरं वाटलं होतं.

पहिल्या विधानसभेला बापूसाहेब नुसते बापू होते. जुन्या फटफटीवरून फिरायचे. प्रचाराच्या पत्रकावर नानांचं नाव छापायचं राहून गेलं आणि नाना भिंतीकडे वळले. संध्याकाळी बापू धावत आले. "नाना, तुम्ही नही ते मी कोन?" आत अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. बापू अक्कांच्या पाया पडले, मांडी घालून पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी नाना सायकलला भोंगा बांधून प्रचाराला! बापू त्या वेळी पडले, ते सोडा.

पुढच्या विधानसभेला व्यासपीठावर नानांची खुर्ची मागच्या रांगेत लागली. रुसले. बापू आले, जेवले, निवडून आले. त्याच्या पुढच्या वेळी म्हणे हार बारीक पडला. पुन्हा रुसणं, पुन्हा भरीत, पुन्हा आमदारकी. लोकसभेच्या वेळी तर बापूसाहेबांनी पक्षच बदलला. नाना गरजले, "झेंडा बदलाना व्हता ते माले इचारानं व्हतं!" गाड्यांचा ताफा गल्लीत शिरेना, म्हणून साहेब पायी आले. "अक्का, अजून वाढा" म्हणाले, तशी अक्का फणकारल्या, "दिल्लीमा खावाले देतीन नही का?" साहेब हसत हसत खासदार झाले. नंतरच्या लोकसभेला पडले, पण त्याही वेळी जेवून गेले होते.

माझा मात्र तिळपापड व्हायचा. "नाना, हा माणूस पाच वर्षं तोंड दाखवत नाही आणि तुम्ही एका दिवसात विरघळता? काही लाज?"

नाना म्हणायचे, "पन येस ना तो!"

येतो ना! जशी काही मेहेरबानीच.

गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. आमच्या खान्देशात माणूस गेलं की लोक दारावर येतात. बोलायचं काही नसतं. यायचं, थोडा वेळ बसायचं, उठायचं. पार पहूरहून लोक एसटीने आले. ज्यांच्याशी नानांचं जन्माचं भांडण, तेही येऊन बसून गेले. बापूसाहेब आले नाहीत. दिल्लीत होते म्हणे. त्यांचा बॅनर तेवढा आला. चौकात लागला. त्यावर साहेब हात जोडून पुरुषभर उंच, आणि अक्का खाली कोपऱ्यात, बिस्किटाएवढ्या. मेलं कोण आहे तेच कळेना! तो बॅनर ओढून फाडावा असं मला येता-जाता वाटायचं.

मग थंडीत बातमी आली, बापूसाहेब राज्यसभेवर चालले. आणि नाना ओट्यावर जाऊन बसले. भिंतीकडे तोंड करून.

मला आधी हसू आलं. यांना कोणी सांगावं, की राज्यसभेला तुमच्या-आमच्या मताचं काम नसतं? पण नाना उठेचनात. स्वतः वांगी भाजायचे, हात पोळून घ्यायचे, दोन ताटं घासून ठेवायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. थंडी कडाक्याची, पण हलायचं नाव नाही. शेवटी माझंच डोकं फिरलं. मी साहेबांच्या पीएला फोन लावला. सांगितलं, नाना रुसलेत, साहेबांना एकदा पाठवा.

तो म्हणाला, "मॅडम, ही राज्यसभा आहे. हिला पब्लिक लागत नाही."

मी त्याला जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. "हॅलो, हॅलो, रेंज नाही" करत त्याने फोन ठेवला. तशीच तणतणत मी ओट्यावर गेले.

"नाना, उठा! राज्यसभेला आमदार मत देतात. तुम्ही रुसा, नाहीतर उपाशी मरा, त्या माणसाला काडीचा फरक पडत नाही. तो येणार नाही!"

नाना वळले नाहीत. "माले समजत नही का, माय? मन्हा हातखाल इतल्या निवडणुका गयात. आमदार मत देतस. बठ्ठं माहीत शे माले."

"मग हा तमाशा कशासाठी?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग भिंतीकडे बघतच बोलले.

"तो अक्काना दारवर ऊना नही. मी रुसनू का तो येस, इतलंच माले माहीत शे. दुसरं कसं बलावू त्याले?"