साडेतीन फुटी जिन्यासाठी जलद युद्धकला

मनुष्यजन्म दुर्लभ. स्वतःचे रक्षण करू शकणारा मनुष्य त्याहून दुर्लभ, आणि दुसऱ्याच्या रक्षणाला धावणारा तर आता फक्त गोष्टीत भेटतो. म्हणून मुलांना लढायला लवकर शिकवावे. म्हणजे मोठ्यांवर मधे पडायची वेळ येत नाही.

आमची भिंगरी (माझी पुतणी, वय तेरा) रोज शाळेला निघते, तेव्हा आमच्या दारासमोरच्या जिन्याच्या वळणावर खांब उभा असतो. खांब म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांचा चिरंजीव. वय सतरा, व्यवसाय उभे राहणे. तो कठड्यापासून भिंतीपर्यंत पाय आडवा टाकतो आणि तिने तीनदा "प्लीज दादा" म्हटल्याशिवाय काढत नाही. आधी तिने खाली खेळायला जाणे सोडले. मग एका संध्याकाळी जाहीर केले, "उद्यापासून मी शाळेतच जाणार नाही."

घर हादरले. बैठक भरली.

"अध्यक्षांशी बोला ना सरळ," वहिनी म्हणाल्या.

"अगं, गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते," दादा म्हणाला. "तुझ्या चादरी काय माझ्या डोक्यावर वाळत घालणारेस?"

हा मुद्दा बिनतोड होता. सर्वानुमते ठरले की भिंगरीने जगातली सर्वांत जलद युद्धकला शिकावी. निवडीचे काम माझ्याकडे आले, कारण घरात स्टॉपवॉच माझ्याकडेच आहे. (सकाळच्या फिरण्यासाठी घेतले होते. घड्याळ नियमित चालते.) अहवाल येईपर्यंत तिने नेहमीसारखे शाळेत जावे, असेही ठरले, निरीक्षणात खंड पडायला नको.

अहवालाचा सारांश असा:

कराटे. जलद खरे, पण ओरडावे लागते. आपल्या घरात मुलींनी ओरडायची पद्धत नाही.

तायक्वांदो. लाथ थेट डोक्यापर्यंत जाते. जिना साडेतीन फूट. लाथ मावत नाही. शिवाय डोके अध्यक्षांच्या घरचे.

ज्युडो. समोरच्याची कॉलर धरावी लागते. खांब बिनकॉलरचे टी-शर्ट घालतो. (नऊ सकाळींचे निरीक्षण, दाराच्या फटीतून. या काळात भिंगरीने सत्तावीस वेळा 'प्लीज' म्हटले. मोजणीत चूक नाही.)

विंग चुन. अरुंद जागेत, जवळून, ठोशांवर ठोसे. आमचा जिना डोळ्यांपुढे ठेवूनच कुणा पुण्यात्म्याने ही विद्या रचली असावी. मंजूर.

क्लासच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'कोणाची भीती वाटते? थोडक्यात वर्णन.' अंदाजपंचे लिहिणे माझ्या स्वभावात नाही. बाजारातून येताना मी वळणावर थांबलो.

"बाळ, तुझी उंची किती रे?"

"पाच दहा. का हो काका?"

"काही नाही, एक फॉर्म भरायचाय."

"मग वजनपण घ्या ना लिहून."

मुलगा वडीलधाऱ्यांशी अदबीने वागतो, हे नमूद केले पाहिजे. आमचे बोलणे होईपर्यंत पाय आडवाच होता. मी 'प्लीज' म्हटल्यावर त्याने काढला. (मला एकदाच म्हणावे लागले. वयाचा मान.)

पहिल्या दिवशी क्लासच्या बाईंनी एकही ठोसा शिकवला नाही. तासभर फक्त पोटातून ओरडायला शिकवले. बाईंविरुद्ध रीतसर तक्रारीचा मसुदा मी त्याच रात्री तयार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टॉपवॉच घेऊन दाराशी उभा राहिलो. वरच्या आणि खालच्या मजल्याची मिळून आठ दारे त्या वळणाकडे बघतात. आठही किलकिली होती. (सकाळची हवा खेळती राहावी म्हणून.) खांबाने पाय टाकला. भिंगरी थांबली. तिने थेट पोटापर्यंत श्वास ओढून घेतला, तो मला फटीतूनही दिसला.

"पाय काढ!"

एवढ्याशा जिवात एवढा आवाज कुठे साठवला होता, देव जाणे. कठडा झणझणला. खांबाचा पाय आपोआप खाली आला. वेळ एक पूर्णांक एक सेकंद. आणि त्याच क्षणी आठही दारे धडाधड बंद झाली. सर्वांत जलद दार आमचे. शून्य पूर्णांक सहा. (कडीवर हात माझाच होता, निकालावर हरकत घेता येईल.)

मग बेल वाजली. दार उघडले तर भिंगरी.

"काका, मी एवढ्या जोरात ओरडले, तर एकही दार उघडलं नाही. लागली मात्र आठही. हे कुठल्या क्लासला शिकवतात?"

उत्तराची वाट न पाहता ती वळली आणि 'प्लीज' न म्हणता खाली उतरून गेली. खांब भिंतीला चिकटून उभा होता.

तिला काय सांगणार? ही विद्या शिकावी लागत नाही. वय झाले की अंगी मुरते. अंतिम अहवालात मी ती प्रथम क्रमांकावर घेतली आहे.

आणि सज्जनहो, माझ्यावर हसून झाले असेल, तर एक बारीकशी नोंद राहिली. उरलेल्या सात दारांपैकी एकावर तुमच्या नावाची पाटी होती. वेळ शून्य पूर्णांक नऊ. थोडा सराव हवा.