जो हरेल त्याचे सासरे

गाडीच्या शर्यतीत मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. म्हणजे टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममधल्या. रस्त्यावर माझ्याकडे एक जुनी स्कूटर आहे आणि तिच्याशी मी अदबीने वागतो. टीव्हीवरही एकदाच हरलो, मागच्या भागात, आणि तेव्हा माझ्या हातातल्या बटणांची बॅटरी उतरली होती. साडू म्हणतो, उतरली नव्हती. साडू दातांचा डॉक्टर आहे, त्याला बॅटरीतलं काय कळतं?

त्यामुळे त्या खेळाचा नववा भाग येतोय म्हटल्यावर मी ऑफिसात जाहीर करून टाकलं की या खेपेला साडूचं काही खरं नाही. खेळाचं नाव सांगत नाही; कंपनीला फुकट जाहिरात कशाला? दर दोन-तीन वर्षांनी नवा भाग येतो, गाड्या त्याच असतात, फक्त रंग जास्त चकाकतो. आणि दर भागाला माझी नि साडूची एक शर्यत होते.

मागच्या भागापासून या शर्यतीवर काय लागलेलं असतं, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना झालंय, तेव्हा तुम्हालाही सांगायला हरकत नाही. जो हरेल, त्याच्याकडे पुढचा भाग येईपर्यंत सासरे राहणार.

सासरे माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. जमेला सगळं आहे: पहाटे उठतात, कमी खातात, कुणाची उणीदुणी काढत नाहीत. खर्चाला एकच गोष्ट. नोकरीभर त्यांनी वाहन परवान्यासाठी लोकांची परीक्षा घेतली आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मी जेवणाच्या टेबलावरून उठलो की ते शांतपणे विचारतात, "जावईबापू, मागे बघितलंत का उठताना?" फ्रिजचं दार उघडलं की म्हणतात, "एकदम नाही. आधी अंदाज घ्या." एकदा मी शिंकलो तर म्हणाले, "इशारा न देता." दिवसातून पाच-सहा वेळा नापास होणं चाळिशीनंतर झेपत नाही.

गंमत अशी की या पैजेत हरणाऱ्याचीच वाहवा होते. मागच्या वेळी हरल्यावर मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "बाबा एकटे राहतात ते मला बघवत नाही. आपल्याकडे आणू या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीने, म्हणजे साडूच्या बायकोने, साडूला माझं उदाहरण देऊन चार शब्द सुनावले. तो निमूट ऐकत होता आणि माझ्याकडे बघून जबडा घट्ट मिटून हसत होता.

नववा भाग आला. त्यात एक नवी करामत होती. तुम्ही गाडी कशी चालवता हे खेळ बघत राहतो, शिकतो, आणि तुमची हुबेहूब नक्कल तयार करतो. तुम्ही अंथरुणात लोळत असाल तेव्हा ती नक्कल तुमच्या नावाने शर्यतीत उतरते. मी तिचं नाव तोतया ठेवलं.

साडूचा फोन आला. "या वेळी तुझा तोतया आणि माझा तोतया. आपण नुसतं बघायचं. बॅटरीची भानगड नको."

"चालेल," मी म्हणालो. "पण नंतर रडायचं नाही."

"मी लोकांना रडवतो. रडत नाही."

मी खास या कामासाठी स्टिअरिंग आणलं, खाली पायाने दाबायचे ब्रेक आणि अॅक्सिलरेटर आणले, आणि रोज ऑफिसातून आल्यावर तास-दीड तास गाडी अशी हाणू लागलो की शेजारचे विचारायला आले, मिक्सर बिघडलाय का? वळणावर ब्रेक नाही, पुढच्याला धक्का मारून वाट काढायची, भिंतीला घासत पुढे जायचं. तोतया तयार होत होता. मला त्याचा बापासारखा अभिमान वाटू लागला.

इथे माझ्या पेशाबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. गाडीवरचा ओरखडा बघून मी सांगू शकतो की ती खांबाला घासली की मालक थाप मारतोय. माणसं काय लपवतात हे मला लांबून दिसतं. आणि तरीही, रोज संध्याकाळी टीव्हीपुढच्या माझ्या खुर्चीवर एक जादा उशी असायची, ब्रेक मी ठेवलेल्या जागेवरून पुढे सरकलेला असायचा, बाजूला चहाचे दोन रिकामे कप असायचे, आणि मी उशी बाजूला टाकून, ब्रेक मागे ओढून, निवांत खेळायला बसायचो. ऑफिसात असा दावेदार भेटला असता तर मी त्याला उभं केलं नसतं.

शर्यतीच्या रविवारी सकाळी साडू आणि थोरली आमच्याकडे आले. बायकांना वाटत होतं, नुसता खेळ आहे. सासरे मधल्या खुर्चीत बसले. पडद्यावर बारा गाड्या उभ्या राहिल्या. लाल दिवा गेला, हिरवा लागला आणि अकरा गाड्या धुरळा उडवत नाहीशा झाल्या.

बारावी माझी होती. ती जागेवरच होती.

"अडकला वाटतं खेळ," मी म्हणालो.

अडकला नव्हता. गाडीचा उजवा दिवा लुकलुकू लागला. मग पडद्यावर मागचं दृश्य दिसलं, मग डावीकडचं, मग उजवीकडचं. मागे कुणीही नव्हतं. सगळे केव्हाच गेले होते. तेवढी खात्री झाल्यावर माझी गाडी, लग्नात नवरी स्टेजवर येते तशी, अलगद निघाली.

"हे काय आहे?" साडूने विचारलं.

"डावपेच आहे," मी म्हणालो.

पहिल्या वळणावर गाडी थांबली. रस्त्यात कुणी नव्हतं, तरी थांबली. हॉर्न दिला, वाट बघितली आणि वळली. पुढे एक गाडी कठड्याला आपटून उलटी पडली होती. माझ्या तोतयाने तिच्यामागे गाडी उभी केली आणि चारही दिवे लुकलुकवत राहिला. एवढ्यात मागून साडूचा तोतया दुसरी फेरी पुरी करत, हॉर्न बडवत आला. माझ्याने डावा दिवा दाखवला आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"शाबास," सासरे हळूच म्हणाले.

मी वळून बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्या बायकोकडे बघत होते आणि ती पायाच्या अंगठ्याने गालिच्याची कड उकरत होती.

"तू?" मी विचारलं.

"अरे, महिन्याभरात माझी लायसन्सची परीक्षा आहे," ती म्हणाली. "रस्त्यावर भीती वाटते. बाबा म्हणाले, यात शहरात मोकळं फिरायची सोय आहे, दुपारी इथेच शिकू. माझं दुकान दुपारी बंदच असतं."

बायकोचं औषधांचं दुकान आहे. दुपारी ते चांगलं चार तास बंद असतं. मी तास-दीड तास गाडी हाणत होतो आणि ही चार-चार तास इशारे देत होती. तोतयाने बहुमत मान्य केलं होतं.

"पण माझ्या नावाने कशाला?"

"दुसरं नाव कसं घालायचं ते कुठे येतं आम्हाला?"

"मी म्हटलं होतं हिला," सासरे म्हणाले, "आधी जावईबापूंना विचार. तर म्हणाली, ते ओरडतात."

साडूचा तोतया पहिला आला. माझा तोतया तेव्हा एका पुलाच्या तोंडाशी उभा होता आणि पुलावर कुणी नाही याची खात्री करून घेत होता. साडू उठला, त्याने शर्टाची बाही सारखी केली आणि आनंदाच्या भरात जिभेवरचा ताबा सोडला.

"चला. ठरल्याप्रमाणे बाबा पुढच्या भागापर्यंत तुझ्याकडेच."

टीव्हीत माझ्या गाडीच्या इशाऱ्याची टिकटिक चालूच होती.

"ठरल्याप्रमाणे म्हणजे?" थोरली म्हणाली.

बायकोने अंगठा थांबवला. "काय ठरलं होतं?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "म्हणजे शर्यतीवर मी लागलो होतो?"

साडूच्या तोंडून शब्द फुटेना. रोज दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या माणसाची ही गत. पण मी दावे तपासतो. प्रत्येक अपघातात समोरचाच कसा चुकलेला असतो हे रोज ऐकतो. माझी जीभ माझ्याआधी धावली.

"हो बाबा," मी म्हणालो. "तुम्ही आमच्याकडे हवेत असं मला वाटतं, स्वतःकडे हवेत असं यांना वाटतं. रोजचा वाद. म्हटलं, जो जिंकेल त्याला बाबा. आता मी हरलो, काय करणार? भावोजी, 'तुझ्याकडेच' म्हणताय तो तुमचा मोठेपणा झाला. पण ठरलं ते ठरलं."

मी आवाज थोडा जड करून घेतला. साडू माझ्याकडे असा बघत होता, जणू माझी अक्कलदाढ त्याला भूल न देता काढायची होती. पण बोलणार काय? थोरलीचा चेहरा उजळला होता. "एवढं मनात होतं, तर सांगितलं का नाही मला?" ती त्याला म्हणाली.

सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, चष्मा लावला आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली. बॅग मीच खाली नेली. साडूने गाडी सुरू केली. "पट्टा," सासरे म्हणाले. त्याने पट्टा लावला. "आरसा," सासरे म्हणाले. पाचव्या मजल्यावर परत येऊन मी खिडकीतून बघितलं तेव्हा गाडी अजून फाटकातच होती.

पुढचे काही दिवस मी कसा राहिलो म्हणून सांगू? टेबलावरून वाट्टेल तसा उठत होतो. फ्रिजचं दार धाडकन उघडत होतो. मोकळेपणाने शिंकत होतो. बायकोची शिकवणी थांबली होती म्हणून ती माझ्याशी तुटक बोलत होती, तेवढं सोडलं तर सगळं जमेलाच होतं.

मग साडूचा फोन आला.

"बाबा दवाखान्यात येऊन बसतात," तो दबक्या आवाजात म्हणाला. "काल मी एकाची दाढ भरत होतो, तर मागून म्हणाले, हात बदलताना नजर हलली. पेशंट उठून गेला रे."

"वाईट झालं," मी म्हणालो आणि फोन तोंडापासून दूर धरून हसलो.

"आणखी एक शर्यत लावू. बाबांना धाकटीची फार आठवण येते. तुला संधी द्यायला हवी, असं मी घरी सांगितलंय. थोरलीला पटलंय, तुझ्या बायकोलाही पटलंय."

मी बायकोकडे बघितलं. ती दारात उभी होती. "या वेळी नीट खेळ," ती म्हणाली. "बाबा परत यायला हवेत."

पुन्हा रविवार, पुन्हा तीच माणसं. या वेळी तोतये नकोत, आपण स्वतः खेळू, असं साडूच म्हणाला. शेजारी शेजारी बसलो. हिरवा दिवा लागला. दहा गाड्या गेल्या.

दोन राहिल्या.

"चल की," साडू दातांतून म्हणाला.

"आधी तू. तू मोठा."

"माझं इंजिन गार आहे."

"टीव्हीतलं?"

मी उजवा दिवा लावला. त्याने डावा लावला. मी मागे बघितलं, त्याने मागे बघितलं. दहा गाड्या एक फेरी मारून आमच्या बाजूने निघून गेल्या. साडूने हळूच गाडी मागे घेतली. मग मीही घेतली. पडद्यावर उलट्या दिशेचा बाण लाल होऊन उड्या मारू लागला. आम्ही दोघं शर्यतीच्या नावाखाली आरंभरेषेपासून दूर दूर चाललो होतो.

"बंद करा ते," सासरे म्हणाले.

बायकोने टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात आमची दोघांची तोंडं दिसत होती, ती बघण्यासारखी नव्हती.

"दोघेही नापास," सासरे शांतपणे म्हणाले. "आयुष्यभर परीक्षा घेतल्या. घाबरून नापास होणारे पाहिले, हलगर्जीपणाने होणारे पाहिले. मुद्दाम नापास होणारे मिळाले ते घरातच, दोन जावई. आणि तुम्हाला वाटलं मला कळलं नाही. अहो, मागच्या वेळी हे जिंकले तेव्हाच कळलं. जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं."

थोरलीने साडूकडे बघितलं. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या दोन नजरांचं मूल्यमापन कुठल्याही विमा कंपनीला करता येणार नाही.

"बाबा, तसं नाही..." मी सुरुवात केली.

"मी कुठे राहायचं ते मी ठरवलंय," ते म्हणाले. "धाकटीकडे. इथेच."

आता खरं सांगतो, आणि हसायचं असेल तर हसा. ज्या माणसाला टाळण्यासाठी मी इतक्या लटपटी केल्या, त्याने दोघांतून मला निवडलं म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. साडूकडे एक कटाक्ष टाकायचा मोह मला आवरला नाही. शेवटी माणसाची पारख परीक्षकालाच असते.

"का बाबा?" मी विचारलं. थोरलीसमोर कारण ऐकायचं होतं.

"तिकडे तिसरा मजला, जिना चढून जावं लागतं. गुडघे ऐकत नाहीत. इथे पाचवा आहे, पण लिफ्ट आहे." ते उठले. उठताना मागे बघितलं. "मध्ये तुमची लिफ्ट बंद होती, तेव्हा माझी बॅग भरलेली होती. म्हटलं, पाचापेक्षा तीन बरे, थोरलीकडे जावं कायमचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली. मग काढून ठेवले कपडे."

बायको माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

त्या लिफ्टसाठी मी मेकॅनिकच्या घरी तीन खेपा घातल्या होत्या. इमारतीतले बाकी सगळे म्हणत होते, राहू द्या हो, सावकाश होईल.