प्रत्येकी दहा सेकंद

कलेच्या क्षेत्रात सर्वांना समान संधी मिळाली पाहिजे, याबद्दल कुठल्याही सुसंस्कृत समाजात दुमत नसतं. मतभेद होतात ते फक्त आपल्या मुलाला किती समान संधी मिळाली, एवढ्यावरच.

युवा नाट्यमंडळाचं संगीत नाटक बसवताना ताईंनी ही मूलभूत गोष्ट नजरेआड केली. ताई मंडळाच्या दिग्दर्शिका. सोळा वर्षं मुलांना नाचायला-गायला लावून त्यांचा स्वतःचा आवाज पार बसला होता, तरी डोक्यातली एक जुनाट समजूत गेली नव्हती : ज्याला गाता येतं त्याने गावं. त्यामुळे दुसऱ्या अंकातलं मुख्य गाणं त्यांनी भोंग्याला देऊन टाकलं.

भोंगा ही पंधरा वर्षांची मुलगी. (हे नाव पाळण्यात असताना शेजाऱ्यांनी वैतागून ठेवलं होतं. पुढे गळा गोड निघाला, पण नाव बदलण्याची तसदी कुणी घेतली नाही.) तालीम संपली की ती सभागृहाच्या जिन्यात बसून तेच गाणं पुन्हा म्हणायची, कारण जिन्यात आवाज छान घुमतो.

"ताई, अख्खं गाणं माझंच ना? नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की," ताई म्हणाल्या. त्या वेळी त्यांना खरंच तसं वाटत होतं.

चार दिवसांत पालकांची समान संधी समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी एकमताने दातांचे डॉक्टर आले, कारण वाट बघायला लावण्याचा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नव्हता. समितीने दोन बैठकांत सखोल अभ्यास केला. गाण्याची लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे दोनशे वीस सेकंद. मुलं बावीस. भागाकार प्रत्येकी दहा, बाकी शून्य. एवढा निर्मळ भागाकार पाहून समितीतल्या वकीलकाकूंना गहिवरून आलं, आणि ठराव मंजूर झाला.

"अहो डॉक्टर, गाणं आहे ते," ताई म्हणाल्या. "दर दहा सेकंदांनी तोडलं तर त्याचं काय उरेल?"

"मॅडम, मीही पेशंटला हेच सांगतो. थोडंसं दुखेल, मग सवय होते."

अंमलबजावणी काटेकोर झाली. दहावा सेकंद जिथे संपेल तिथे तुकडा संपला. एका शब्दाचा पहिला अर्धा भाग थोरल्या बहिणीला आणि उरलेला धाकटीला गेला, त्यावरून त्यांच्या घरी अबोला धरला गेला. एका मुलाच्या तुकड्यात नऊ सेकंद नुसती पेटी वाजत होती, त्यामुळे त्याच्या वाट्याला 'आणि' एवढाच शब्द आला. त्याच्या वडिलांनी तो त्याच्याकडून रोज आरशासमोर शंभर वेळा घोटून घेतला. पुढे पुढे जेवताना कुणी "भात आणि..." म्हणालं तरी पोरगं दचकून उभं राहायचं.

भोंग्याला अकरावा तुकडा मिळाला. ती जिन्यात बसायची बंद झाली. ताईंना हे फार लागलं. रात्रभर त्यांना झोप नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्टॉपवॉच घेऊन तालमीला आल्या.

प्रयोगाची संध्याकाळ. प्रेक्षक एकशे नव्वद, वर धरलेले मोबाईल एकशे त्रेचाळीस. (उरलेल्यांपैकी काहींची बॅटरी संपली होती, तर काही जण आजोबा होते.) भोंग्याची आई नर्स, तिची ड्यूटी होती, त्यामुळे भोंग्याकडे रोखलेला मोबाईल शून्य.

दुसऱ्या अंकात बावीस मुलं रांगेत उभी राहिली. विंगेत ताईंनी बटण दाबलं. पहिला तुकडा चष्मेवाल्या मुलीचा होता. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला तो भोंग्याचा. दहा सेकंद झाले, पुढच्या मुलाने तोंड उघडलं. आवाज भोंग्याचाच. मुलांनी आपसांत परस्पर ठरवून टाकलं होतं : तोंडं ज्याची त्याची, गाणं तिचं. 'आणि'वाल्याने तर जबडा इतका फाकला की वडिलांचं चित्रण हललं, पण महिनाभर घोटलेला तो शब्दही त्याने तिला देऊन टाकला.

ताई विंगेच्या कडेला सरकल्या. समितीच्या लक्षात आलं तर? त्यांचा एक डोळा डॉक्टरांवर होता, दुसरा घड्याळावर, आणि ओठांवर तुकड्यांचे आकडे होते. सतरा, अठरा, एकोणीस.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रत्येक मोबाईलच्या चौकटीत एकच तोंड होतं आणि ते व्यवस्थित हलत होतं. त्याच संध्याकाळी वीस घरांतून एकवीस चित्रफिती नातेवाइकांकडे रवाना झाल्या : आमच्या लेकाचा गळा, आमच्या लेकीचा गळा. एका आत्याने फोनवरच सांगितलं, हा आवाज आपल्याच घराण्यातला. समितीच्या अहवालात समाधान नोंदवलं गेलं. बावीसही तोंडं समान उघडल्याचं अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून स्वतः पाहिलं होतं. (तीन दाढा भरण्याची शिफारस सोबत जोडली आहे.)

पडदा पडल्यावर भोंगा धावतच ताईंकडे आली. गाल नुसते पेटले होते.

"ताई, शेवटच्या कडव्याची चाल मी थोडी वेगळी घेतली. आयत्या वेळी सुचलं. कसं वाटलं?"

ताईंना शेवटचं कडवं आठवेना. बाविसावा आकडा आठवला, डॉक्टरांची मान आठवली, अंगठ्याखालचं बटण आठवलं.

"छान," त्या म्हणाल्या. "खूपच छान."

भोंग्याने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती रंग पुसायला निघून गेली. सोळा वर्षांत ताईंना एवढी लाज कधीच वाटली नव्हती.

ताईंना नावं ठेवण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. त्याआधी केवळ एक नोंद. हे गाणं किती सेकंदांचं, किती जणांत वाटलं, कोणता तुकडा कुणाचा, हे आता आपल्याला तोंडपाठ आहे. ते गाणं कशाबद्दल होतं, असं इथवर आपणही विचारलेलं नाही. त्यातला एक शब्द मात्र आपल्याला नक्की माहीत आहे : 'आणि'.