अध्यक्षांच्या कोटातला पाहुणा

'या गावात परग्रहावरील कोणीही कधी वास्तव्य केलेले नाही,' हे नगरपालिकेच्या चौकशी अहवालाचे पहिले वाक्य. सातव्या पानावर त्याच परग्रहवासीयाला हद्दपार केल्याची नोंद आहे, एकमताने. जो राहिलाच नाही त्याला हाकलून लावण्याचे कर्तृत्व ज्या सभेने गाजवले, तिने प्रत्यक्षात हाकलले कोणाला, याबद्दल अहवाल मूग गिळून बसला आहे. शिंपीणबाईंना मात्र ते पक्के ठाऊक होते.

तो परग्रहवासी प्रथम त्यांच्या दुकानात आला तेव्हा त्या बटणांची काजे करत होत्या.

"कुठले तुम्ही?"

त्याने छताकडे बोट दाखवले.

"वरच्या मजल्यावरचे?"

"आणखी वरचा."

बाई हसल्या, बऱ्याच वर्षांनी. त्या नादात शर्टाची डावी बाही दोन बोटे लांब कापली गेली. "उसवून देते," त्या ओशाळून म्हणाल्या.

"नको. बसली."

खरोखरच बसली होती. त्याचा डावा हात दोन बोटे वाढला होता. बाई दोन पावले मागे सरकल्या. पण आपली चूक पदरात घेण्यासाठी कोणी स्वतःचे अंग बदलावे, हे सुखही त्यांना नवे होते. मग तो रोज संध्याकाळी यंत्राशेजारच्या स्टुलावर येऊन बसू लागला, आणि बाई पाच वाजल्यापासून दाराकडे पाहू लागल्या.

घोळ झाला तो मंगळवारी, पाहुणा सदरा न्यायला सकाळीच आला तेव्हा. नगरपालिकेच्या अध्यक्षांचा नवा कोट आणि त्याचा सदरा शेजारशेजारच्या खुंट्यांवर होते. बाईंनी न पाहता कोट त्याच्या हाती दिला. बाईंनी दिलेले तो निमूटपणे अंगात घाली, आणि ते ज्याच्या मापाचे असेल त्याच्यासारखा होई. त्यांनी मान वर केली तेव्हा अध्यक्षांचे पोट, अध्यक्षांचे टक्कल आणि अध्यक्षांची हनुवटीवरची चामखीळ रस्त्याने चालली होती.

मुख्य कारकुनाने त्याला वाटेतच गाठून कागद पुढे केले. तो वाचू लागला.

"साहेब, बरं नाही का?" कारकून घाबरला. "तुम्ही वाचून सही करताय!"

दुपारी अध्यक्षीणबाई त्याला जेवायला घरी घेऊन गेल्या. चार वाजता सभागृहात दोन अध्यक्ष समोरासमोर उभे राहिले आणि दोघांच्याही चामखिळी एकदमच थरथरल्या.

सभेने अक्कल लढवली: कोट ज्याला बसेल तो खरा. माप दिल्यापासून मूळ अध्यक्ष बरेच फुगले होते. बटण उडाले ते थेट एका सभासदाच्या चहात. दुसऱ्याला कोट असा बसला की टाळ्या पडल्या. उरलेला परका. त्याला गावचा एक धागाही अंगावर न ठेवता हद्दीबाहेर सोडण्याचा ठराव झाला. फक्त खात्रीसाठी बाईंना बोलावले.

"बाई, माप तुमचं. खरा कोण?"

अध्यक्षीणबाई कानाशी लागल्या. "जपून बोला हं. हे माझं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकतात."

"आणि ते?"

"त्यांनी बावीस वर्षांत माझं एक वाक्य संपू दिलेलं नाही."

शिंपीणबाईंनी पाहिले. कोटातला तो त्यांच्याकडेच पाहत होता. आपण जे म्हणू ते तो अंगावर घेणार, हे त्यांना कळले. आणि खोटे बोललो तर उद्यापासून ते स्टूल रिकामे राहणार, हेही.

"कोट बसला तेच अध्यक्ष," त्या म्हणाल्या.

मूळ अध्यक्ष दोन दिवसांनी गोणपाट गुंडाळून परतले आणि त्यांनी शिंपीणबाईंवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप ठेवला. चौकशी समितीचे प्रमुखपद, नियमानुसार, विद्यमान अध्यक्षांकडे आले. "खोटं का बोललात?" त्यांनी विचारले. आवाज अध्यक्षांचा होता. शब्दांमधले थांबणे मात्र संध्याकाळी स्टुलावर बसणाऱ्याचे. बाईंचे उत्तर अहवालात नाही. कारकुनाने ते शब्दशः उतरवून घेतले होते, ते असे:

"होय, खोटं बोलले. तुमचा ठराव होता, एक धागासुद्धा अंगावर ठेवायचा नाही. तसं मी एकदा करून बघितलं होतं. त्या पाहुण्याला म्हटलं, माझं शिवलेलं सगळं उतरवा, आज तुमचं स्वतःचं माप घेते. शर्ट खाली पडला, पँट पडली, आणि आत कोणीच नव्हतं. दुकानात मी एकटी. पण माझ्या हातातल्या टेपचं दुसरं टोक कोणीतरी घट्ट धरून उभं होतं. मीही सोडलं नाही."